19 एन्ट्री, 2 सीट आणि तिसऱ्या नंबरला एन्ट्री फीपेक्षा कमी: एका पूल क्वालिफायरचं प्रकरण

पार्श्वभूमी

एका क्लबने मोठ्या नाइन-बॉल (क्यूने टेबलावर खेळायच्या पूलचा एक प्रकार) स्पर्धेसाठी क्वालिफायरची, म्हणजे जिंकणाऱ्याला त्या मेन इव्हेंटमध्ये जागा (सीट) देणाऱ्या छोट्या स्पर्धांची, सिरीज घेतली, त्यातल्या पहिल्या तीन क्वालिफायरची ही गोष्ट. नावं, जागा, चलन सगळं काढलंय. आकडे युनिटमध्ये देतोय, प्रमाण तेच आहे. मी ड्रॉच्या टेबलावर बसत होतो त्यामुळे हिशोब आणि भांडणं दोन्ही जवळून बघितली.

मेन इव्हेंटची एन्ट्री 60 युनिट, आणि ती स्पर्धा क्लबची नाही, दुसऱ्याच प्रमोटरची. क्लबने फक्त क्वालिफायर घ्यायची, जिंकणाऱ्याच्या नावाने 60 युनिट प्रमोटरकडे भरायचे, झाली सीट पक्की. क्वालिफायरची एन्ट्री 10. त्यातले 2 टेबल फी म्हणून क्लबला आणि 8 बक्षिसाच्या गल्ल्यात. पोस्टरवर होतं, "पहिल्या दोघांना मेन इव्हेंटची सीट, उरलेली रक्कम पहिल्या तिघांत 50-30-20". डबल एलिमिनेशन (दोनदा हरला की बाहेर; न हरलेले विनर्स साइडला, एकदा हरलेले लूजर्स साइडला, शेवटी दोन्ही बाजूंचे विजेते फायनलला), विनर्स साइडला रेस टू 7 (आधी 7 रॅक, म्हणजे डाव, काढेल तो जिंकला), लूजर्स साइडला रेस टू 5, फायनल रेस टू 9. सहा टेबलं.

मालकाच्या डोक्यात 32 एन्ट्री होत्या. 32 आल्या असत्या तर गल्ला 256, दोन सीटचे 120 गेले की 136 रोख वाटायला, म्हणजे पोस्टर अगदी झकास. पण आले 19.

अडचण

19 जणांचा गल्ला 152. दोन सीटचे 120 काढले की राहिले 32. वेगळ्या भाषेत सांगायचं तर पहिले 15 जण फक्त सीटचेच पैसे भरत होते आणि शेवटच्या 4 जणांचे पैसे रोख बक्षीस म्हणून उरले. 50-30-20 केलं की 16, 10 आणि 6 (राउंड करून). एन्ट्री 10, तिसऱ्याला 6.

आणि हा तिसरा आलेला मुलगा काय करून तिसरा आला ते बघा. पहिलीच मॅच हरला, लूजर्स साइडला गेला, तिथे सलग पाच जिंकला आणि लूजर्स साइडची फायनल 4-4 वरून शेवटच्या रॅकला हरला. सात मॅचेस, सकाळी अकरा ते रात्री साडेदहा. मालकाने हातात 6 ठेवल्यावर तो म्हणाला, "दादा, एन्ट्री दहा आणि बक्षीस सहा, मग मी तिसरा आलो का हरलो?" मालकाकडे उत्तर एकच, पोस्टरवर लिहिलंय ना, उरेल ते.

त्याच्या आधीच फायनलचा तमाशा झाला होता. फायनलला आलेल्या दोघांनाही सीट मिळालेलीच होती, एकाला विनर्स साइड जिंकून, दुसऱ्याला लूजर्स साइड जिंकून. पहिल्याला सीट अधिक 16, दुसऱ्याला सीट अधिक 10, म्हणजे रात्री साडेदहाला रेस टू 9 खेळायची ती 6 युनिटसाठी, आणि दुसऱ्याला जिंकायचं असेल तर डबल एलिमिनेशन असल्यामुळे दोनदा हरवायचं. त्याने हात मिळवला, क्यू केसमध्ये टाकला आणि निघाला. बघायला थांबलेले लोक चिडले पण खरं सांगायचं तर त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. 19 जणांच्या डबल एलिमिनेशनला कमीत कमी 36 मॅचेस लागतात (खेळाडू दुप्पट करा, दोन वजा करा, आणि विनर्स साइडवाला फायनल हरला तर एक जास्त), त्यातल्या 35 झाल्या आणि 36 वी, जी लोकांना बघायची होती, तीच नाही झाली.

खरी फायनल आधीच होऊन गेली होती. लूजर्स साइडच्या त्या शेवटच्या मॅचला जिंकणाऱ्याला सीट धरून 70 आणि हरणाऱ्याला 6, 64 चा फरक एका रॅकवर. पुढच्या मॅचला 76 विरुद्ध 70. पोस्टर बनवताना हे कोणीच बघितलं नव्हतं कारण सगळे पहिला, दुसरा, तिसरा असाच विचार करतात. क्वालिफायरमध्ये नंबर किती आला याला फार अर्थ नसतो, सीट कुठल्या मॅचला ठरते याला असतो.

आणि तिसरी भानगड सगळ्यात मोठी. पहिला आलेल्याने मेन इव्हेंटचे 60 आधीच स्वतःच्या खिशातून भरले होते. त्याच्याकडे सीट होती, आता दुसरी मिळाली. तो म्हणे मला 60 रोख द्या. तिसरा म्हणे ही क्वालिफायर आहे, सीट असलेल्याची सीट खाली यायला पाहिजे, म्हणजे मला. प्रमोटर म्हणे आमची एन्ट्री परत मिळत नाही, हवं तर पुढच्या स्पर्धेला वळती करू. पोस्टरवर यातलं काहीच नाही.

मालकाने ते 60 पाकिटात घालून ड्रॉवरमध्ये ठेवले आणि "बघू, विचारून सांगतो" म्हणाला. चार दिवस ते पैसे कोणाचे हे कोणालाच माहीत नव्हतं. माणूस सरळ आहे, पैसे कुठे जाणार नव्हते, पण चार दिवसांत चर्चा अशी झाली की क्लबने सीट खाल्ली. पूलवाल्यांच्या मनात ही शंका पटकन येते आणि ती उगाच येत नाही. 2006 ला अमेरिकेत रीनोला इंटरनॅशनल पूल टूरच्या वर्ल्ड ओपन एट-बॉलला पहिलं बक्षीस 5 लाख डॉलर जाहीर होतं, एफ्रेन रेयेस जिंकला, आणि नंतर आयोजकांनी सांगितलं की पैसे एकदम देता येणार नाहीत, हप्त्यांनी देऊ. त्या पातळीवर असं होऊ शकतं तर क्लबच्या ड्रॉवरमधल्या पाकिटावर कोण विश्वास ठेवणार.

पहिला निर्णय: त्या 60 चं काय

तीन रस्ते होते. एक, पहिल्याला 60 रोख द्यायचे. पण मग क्लबने जाहीर केलेल्या दोन सीटपैकी एकच प्रत्यक्षात दिली गेली आणि क्वालिफायर नुसती कॅश स्पर्धा झाली. दोन, सीट तिसऱ्याला द्यायची आणि पहिल्याला फक्त रोख. यात पहिल्याचं म्हणणं असं की मी सगळ्यांच्या वर आलो, मला बावीस आणि जो मागे राहिला त्याला साठ, हा कुठला न्याय, आणि त्याचंही चूक नाही. तीन, प्रमोटरकडे पहिल्याचे 60 पुढच्या स्पर्धेला वळते करायचे आणि ही सीट त्याने घ्यायची. पण पुढची स्पर्धा कधी, कुठे, तो जाणार का, काही नक्की नाही.

शेवटी दुसरा रस्ता घेतला, थोडी मलमपट्टी करून. सीट तिसऱ्याला, त्याचे 6 पहिल्याच्या 16 मध्ये म्हणजे 22, आणि मालकाने टेबल फीच्या 38 मधून 20 काढून पहिल्याला दिले, एकूण 42. दुसऱ्याला सीट आणि 10 ठरल्याप्रमाणे. क्लबकडे बारा तासांच्या सहा टेबलांचे उरले 18.

माझ्या मते त्या दिवशी एवढंच शक्य होतं. नियम नसताना दिलेला कुठलाही निकाल कोणाला तरी अन्यायच वाटणार, मग निदान प्रमोटरला नवीन खेळाडू मिळाला आणि सीट वाया नाही गेली. पण हाच निकाल रात्री साडेदहाला दिला असता तर निम्मी कटुता झाली नसती. चार दिवस लावून शेवटी खिशातून भरायचे म्हणजे पैसेही गेले आणि नावही.

पुढच्यासाठी काय काय विचार झाला

दुसऱ्या क्वालिफायरच्या आधी मालक, मी आणि नेहमी खेळणारे चार-पाच जण बसलो. पहिली सूचना गॅरंटीची, कितीही एन्ट्री आल्या तरी पूर्ण बक्षीस. हे ऐकायला मस्त वाटतं. 19 एन्ट्रीला 256 द्यायचे तर 104 कमी पडतात आणि क्लबची कमाई 38. म्हणजे स्पॉन्सर असल्याशिवाय हे बोलायचंच नाही. विषय तिथेच संपला.

दुसरी, सीट असलेल्यांना खेळूच द्यायचं नाही. इथे मतं फाटली. कमी रेटिंगवाले खूश, पण मालकाला भीती की तगडे खेळाडू नाही आले तर बाकीचेही येत नाहीत, लोकांना त्यांच्याशी खेळायचंच असतं. शिवाय प्रत्येक एन्ट्री मागे 8 गल्ल्यात येतात.

तिसरी हँडिकॅपची, म्हणजे कच्च्या खेळाडूला आधीच काही रॅक द्यायचे. हा मुद्दा रेटिंगवरून निघाला. फार्गोरेट या पूलच्या रेटिंग पद्धतीत दोघांत 100 पॉइंटचा फरक म्हणजे रॅकमागे 2 ला 1 असं प्रमाण धरतात. ऐकायला फार नाही वाटत, तीन रॅकमधला एक तर मिळतोय. पण हिशोब करून बघा, रेस टू 7 मध्ये वरचा साधारण 90 टक्के वेळा जिंकतो आणि रेस टू 5 मध्येही 85 च्या वर. अशा दोन-तीन मॅचेस पाठोपाठ काढायच्या म्हटल्या तर खालच्या माणसासाठी एन्ट्री फी ही जवळपास वर्गणीच आहे. तरी मी हँडिकॅपच्या विरोधात होतो आणि अजून आहे, कारण मेन इव्हेंट ओपन आहे, तिथे कोणी रॅक उधार देत नाही, आणि इथे दोन रॅक घेऊन सीट काढलेला तिथे दोन मॅच हरून घरी. वेगळी, स्वस्त आणि रेटिंगची वरची मर्यादा असलेली क्वालिफायर हा त्यावर बरा उपाय, पण तेवढे खेळाडू नव्हते.

चौथी एकाने सांगितली ती सगळ्यांना झोंबली. तो म्हणाला सरळ 60 भरून मेन इव्हेंटला गेलेलं स्वस्त पडतं. सगळे सारख्याच ताकदीचे धरले तर पहिल्या क्वालिफायरला एकूण 190 जमा झाले, 32 रोख परत गेले, म्हणजे दोन सीटला 158 पडले, एक सीट 79 ला. रोख अजिबात नाही दिली तरी टेबल फी धरून सीट 75 ला पडते. बरोबर आहे. पण एकदम 60 नाही काढता येत म्हणूनच लोक 10 घेऊन येतात, आणि एका दिवसात चांगल्या सहा-सात मॅचेस मिळतात त्याचीही किंमत आहे. तरी हा आकडा खेळाडूंना माहीत असावा, लपवून काही मिळत नाही.

प्रत्यक्षात काय केलं

सीटची संख्या एन्ट्रीला बांधली, दर 11 एन्ट्रीला एक सीट. 11 का, तर 60 ची सीट आणि डोई 8 धरले की 7.5 एन्ट्रीत सीट निघते, वरच्या साडेतीन जणांचे पैसे रोख बक्षिसाला राहतात. दोन सीट असतील तर फायनल नाहीच, विनर्स साइड जिंकला त्याला सीट, लूजर्स साइड जिंकला त्याला सीट, लाइट बंद. एकच सीट असेल तर फायनल एकच रेस टू 9, दुसऱ्यांदा हरवायची भानगड नाही, आणि हे ड्रॉच्या आधी सांगायचं.

सीट मिळणाऱ्याला रोख काही नाही. सगळी रोख ज्यांची सीट थोडक्यात हुकली त्यांच्यासाठी. ज्याला म्हणून रोख मिळेल त्याला निदान स्वतःची एन्ट्री तरी परत मिळालीच पाहिजे, आणि पहिल्या हुकलेल्याला दुप्पट.

सीट असलेला खेळू शकतो, पण सीटच्या जागेवर आला तर अदलाबदल, सीट पहिल्या हुकलेल्याला आणि त्याची रोख याला. एन्ट्री फॉर्मवर "मेन इव्हेंटची सीट आहे का" हा प्रश्न घातला, सही घेतली.

आणि मला सगळ्यात कामाचं वाटलेलं म्हणजे 11 पासून 32 एन्ट्रीपर्यंत प्रत्येक आकड्याला किती सीट आणि कुणाला किती रोख याचा तक्ता छापून भिंतीवर लावला. टक्केवारी नाही, सरळ आकडे. प्रमोटरला पैसे त्याच रात्री सगळ्यांसमोर पाठवायचे आणि पावती त्या तक्त्यावरच चिकटवायची.

काय झालं

दुसऱ्या क्वालिफायरला 23 जण आले. गल्ला 184, दोन सीटचे 120, रोख 64. ती तिसऱ्यापासून खाली 24, 16, 12, 12 अशी गेली. पाचव्या-सहाव्यालाही 12, म्हणजे एन्ट्री सुटून वर 2. साडेनऊला दोन्ही सीट ठरल्या, पावती लागली, लोक घरी. लूजर्स साइडच्या शेवटच्या मॅचला टेबलाभोवती गर्दी होती कारण आता सगळ्यांना माहीत होतं की हीच ती मॅच. पहिल्या वेळचा विजेता आला नाही, त्याच्यासारखा आधीच सीट घेतलेला अजून एक आला नाही. अदलाबदलीच्या नियमाने तेच होणार होतं. ते चांगलं की वाईट यावर अजून वाद आहे, त्यांच्यामुळे येणारे काही जण कमी झाले असतील पण आकडा तर 19 वरून 23 झाला.

तिसऱ्या क्वालिफायरला मात्र आमच्याच नियमाने पाय घातला. एन्ट्री बंद व्हायला पंधरा मिनिटं आणि आकडा 21. तक्ता भिंतीवर. 21 ला एक सीट आणि 108 रोख, दुसऱ्याला 40, तिसऱ्याला 28, मग 16, 12, 12. आणि 22 झाले की दोन सीट आणि रोख 56, तिसऱ्याला 20, मग 14, 11, 11. म्हणजे एका माणसाने दुसऱ्या नंबरचे 40 चे 60 होतात आणि तिसऱ्याचे 28 चे 20. सगळे तक्त्यापाशी उभे राहून बोटं ठेवून हिशोब करायला लागले. एक तगडा खेळाडू त्याच्यासोबत बघायला आलेल्या मित्राला घेऊन काउंटरला आला आणि त्याची एन्ट्री मी भरतो म्हणाला. मित्राच्या हातात क्लबचाच क्यू, ब्रिजही (क्यूला आधार द्यायची हाताची ठेवण) नीट पडत नव्हता.

इथे पाच मिनिटं जोरदार वाजलं. एक बाजू म्हणे हा खेळाडूच नाही, ज्याच्या वाट्याला येईल त्याला फुकटची मॅच. दुसरी बाजू म्हणे वेळ आहे, पैसे आहेत, नियमात कुठे लिहिलंय की यायला किती खेळता आलं पाहिजे. मालकाने माझ्याकडे बघितलं. मी घ्या म्हणालो, कारण कोण खेळाडू आणि कोण नाही हे काउंटरवर ठरवायला लागलो तर पुढच्या वेळी प्रत्येक कच्च्या पोराला हाच प्रश्न विचारायला लागेल. घेतली एन्ट्री. मित्र 7-0 हरला, दुसरी मॅच सोडून दिली. आणि ज्याने पैसे भरले तो पाचवा आला, 11 घेऊन गेला. 21 वर थांबला असता तर 12 मिळाले असते आणि वरचे 10 वाचले असते. दुसरी सीट भलत्यालाच लागली, त्याने मात्र जाताना त्या मित्राशी आवर्जून हात मिळवला.

वेगळं काय करता आलं असतं

पायरी ठेवली की पायरीवर ढकलाढकल होणार हे तक्ता बनवताना दिसायला हवं होतं, तो 21 आणि 22 चा फरक कागदावर शेजारी-शेजारीच होता. आता चौथ्या क्वालिफायरसाठी असं ठरलंय की सीटची संख्या आदल्या रात्री आठपर्यंत पैसे भरलेल्या एन्ट्रीवर ठरेल. त्यानंतर येणारे खेळू शकतात, पण त्यांचे पैसे फक्त रोख बक्षिसात. समजा रात्री 20 होते आणि सकाळी 25 झाले तर सीट एकच, रोख 140, आणि दुसऱ्याला त्यातले 60 मिळतील, ज्यात त्याची त्याला सीट घेता येते. शेवटच्या पंधरा मिनिटांत कोणाला ओढून आणायचं कारणच उरत नाही.

सीट असलेल्यांचा नियम मी थोडा सैल केला असता. अदलाबदलीत त्यांना 24 मिळतात, विनर्स साइड न हरता जिंकून 24 म्हणजे चांगला खेळाडू दिवस घालवायला येणार नाही. प्रमोटर त्यांचे आधीचे 60 पुढच्या स्पर्धेला वळते करायला तयार होता, ते आधीच लेखी घेऊन तक्त्यावर टाकलं असतं तर दोघांपैकी एक तरी आला असता. मालक म्हणतो प्रमोटरच्या शब्दावर क्लबचं पोस्टर छापायचं नाही, आणि पहिल्या वेळचे चार दिवस आठवले की त्याच्याशी फार वाद घालवत नाही.

खेळाडू आपसात जे ठरवतात, म्हणजे तू जिंकलास तर मला इतके, मी जिंकलो तर तुला इतके, त्यावर कुठलाही नियम चालत नाही असं माझं मत आहे. पहिल्या वेळची फायनल सोडून देणं ही फसवणूक नव्हती, 6 युनिटला कोण झगडेल. मॅचला काहीतरी लागलेलं असेल तर लोक खेळतात.

आता टेबल फीचा प्रश्न वर आलाय. पहिल्या वेळी 38 मधले 20 गेले, नंतर 46 आणि 44 राहिले, आणि मालकाचं म्हणणं असं की दिवसभर नेहमीच्या गिऱ्हाइकाला टेबलं दिली तर यापेक्षा जास्त येतात. त्याला 2 चे 2.5 करायचेत. तसं केलं तर गल्ल्यात डोई 7.5 येतील, 22 एन्ट्रीला रोख 56 ऐवजी 45 राहील आणि पाचव्या-सहाव्याला एन्ट्री परत देणं जमणार नाही. खेळाडू म्हणतात मग सीट दर 12 एन्ट्रीला करा, मालक म्हणतो 24 जण आले नाहीत तर दुसरी सीट गेली. बैठक परत बसायची आहे.